अंपायरचा डोळा

आमच्या अंजूरला भात कापून झालं की शेतं रिकामी राहत नसत. पेंढा उचलला जायचा आणि त्याच जमिनीवर टेनिस बॉलच्या टूर्नामेंटा सुरू व्हायच्या. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. एकेका शेतावर गोदाम उभं राहत होतं, पण एखादं मैदान दरवर्षी वाचायचं. तिथे मंडप, भोंगा, वडापावची गाडी आणि मधोमध पांढरी टोपी घातलेले माझे बाबा.

बाबा आमच्या पट्ट्यातले मानाचे अंपायर. स्वतः कधी धड बॅट धरली नाही, पण दुसऱ्याला आऊट देण्यात त्यांचा हात कोणी धरू शकत नसे. कायदा एकच: पक्कं दिसलं तरच बोट वर. तिळभर शंका असेल तर फायदा बॅट्समनचा. घरातही तोच कायदा चालायचा. दुधावरची साय मी खाल्ली की मांजरीने, हे सिद्ध होईपर्यंत मी नॉटआऊट असायचे, आणि आई कपाळाला हात लावायची.

मग एका वर्षी रनआऊटवरून भांडणं व्हायला लागली. समोरचा एलबीडब्ल्यू बाबा अचूक द्यायचे, पण बाजूला बॅट्समन क्रीजच्या हातभर बाहेर असला तरी बोट खालीच. ‘अंपायरने मॅच खाल्ली’ अशी ओरड झाली. घरात त्यांच्या ताटाशेजारचा तांब्या रोज लवंडू लागला. मी जवळून गेले तरी बाबा दचकायचे आणि वर मलाच ओरडायचे, “चोरावानी बाजूशी कशाला येतेस?” मी तेव्हा दापोड्याच्या एका गोदामाच्या ऑफिसात ड्युटी करायचे. संध्याकाळी डोकं आधीच तापलेलं असायचं. मीही काही कमी ऐकवत नसे.

डोळ्यांचा संशय कोणालाच आला नाही, कारण आईच्या सुईत दोरा अजून तेच ओवून द्यायचे. शेवटी एका उभ्या टेम्पोच्या उघड्या फाळक्यावर त्यांचं कपाळ आपटलं. टेम्पोवाल्याला त्यांनी शिव्या घातल्या. मी त्यांना रिक्षात घातलं आणि भिवंडीला डोळ्यांच्या डॉक्टरबाईंकडे नेलं.

तक्त्यावरची अगदी खालची ओळसुद्धा बाबांनी घडाघडा वाचली आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू अपील फेटाळलं. पण बाईंनी डोळ्यातला दाब मोजला, औषध घालून डोळ्याच्या आत बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, “काका, काचबिंदू आहे.”

“आसल. कवा पिकल? पिकला का काढून टाका,” बाबा म्हणाले. आईचा मोतीबिंदू तसाच निघाला होता.

बाईंना हसू आलं. “हा पिकत नाही आणि काढताही येत नाही. डोळ्यात सारखं पाणी तयार होतं आणि बारीक वाटेने बाहेर जातं. ते अश्रू नव्हेत, आतलं पाणी. ती वाट तुंबली की दाब वाढतो आणि मागची नस सुकायला लागते. आधी कडेचं दिसणं जातं. मधलं शेवटपर्यंत टिकतं, म्हणून माणसाला कळतच नाही.”

बाबांचा चेहरा उतरला. आमची जुनी शेती खाडीकाठची. बांधाला पाणी सोडायचं दार असतं, त्याला आम्ही उघाडी म्हणतो. “म्हंजे उघाडी तुंबली,” ते हळूच म्हणाले, “न् भात कुजला.”

“अगदी तसंच. कुजलेलं परत येत नाही. उरलेलं वाचवायचं. त्यासाठी रोज थेंब. थेंबांनी भागलं नाही तर लेझर, नाहीतर ऑपरेशन. पण तेही उरलेलं वाचवायलाच.”

किती उरलंय हे बघायला एक मशीन होतं. अर्ध्या टोपलीसारख्या पांढऱ्या पडद्यात तोंड घालून समोर एका ठिपक्याकडे बघायचं आणि कडेला कुठेही दिवा लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. बाबा आत गेले. मी दाराशी उभी. मशीन चालू होतं, पण बटणाचा आवाज फारच क्वचित येत होता. निकालाचा कागद आला तो जवळजवळ सगळा काळा; काळं म्हणजे न दिसणारं. बाईंनी तो कागद दोनदा बघितला. मग त्यांनी विचारलं, “काका, दिवा दिसला की दाबत होतात ना?”

“पक्का दिसला तवाच दाबला,” बाबा ताठ मानेने म्हणाले. “बारका बारका काय काय हालत होता. पन शंका व्हती. शंका आसली तर मी देत न्हाय.”

मी त्या खोलीत इतकी हसले की बाहेरचे पेशंट डोकावून गेले. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, ते नुसतं हसण्याचं नव्हतं. बाई म्हणाल्या, “इथे बॅट्समन कोणी नाही, काका. नुसता भास झाला तरी दाबा.” पुन्हा तपासणी झाली, आणि यावेळी बटण दणादण वाजलं. काळं बरंच कमी झालं. पण डावीकडची कड खरोखरच गेली होती.

“आन् अंपायरिंग?” बाबांनी विचारलं. मला वाटलं बाई सरळ नाही म्हणतील. त्या म्हणाल्या, “स्कूटर बंद. अंपायरिंगचं तुम्हीच ठरवा.”

हा आजार घराण्यात उतरतो, म्हणून मुलांनीही तपासून घ्यायचं होतं. त्या मशीनवर बसायची माझी पाळी आली तेव्हा बाबा दाराशी येऊन मोठ्याने म्हणाले, “बाय, शंका आली तरी दाब हां!” माझे डोळे चांगले निघाले. दरवर्षी दाखवायचं ठरलं.

थेंबांचं मात्र महाभारत झालं. अर्धे गालावर, अर्धे मिशीत. थेंब पडल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दाबून धरायचा, म्हणजे औषध डोळ्यातच राहतं. बाबा अंपायरचंच बोट लावायचे. पण पुढे कुरकुर सुरू झाली. “रोज घालतंय, काय बी फरक पडत न्हाय.” पुढच्या तपासणीला बाकावर शेजारी पॉवरलूमचे एक म्हातारे मालक बसले होते. बाबांची कुरकुर त्यांनी ऐकली. “मी पण हेच बोललो होतो, साहेब. फरक नाय म्हणून थेंब सोडून दिले. ये देखो,” म्हणत त्यांनी चष्मा काढला. एक डोळा विझलेला होता. “आता रोजे असले तरी मौलानांना विचारून थेंब घालतो.” त्यानंतर थेंब चुकला नाही, पण बाटली घेऊन मागे मलाच लागावं लागायचं.

हंगाम आला आणि बाबा टोपी घालून निघाले. आई चिडली. मी रजा टाकून मागे गेले. कधी धडपडतील याची मला धास्ती होती. पहिले काही सामने बरे गेले, कारण बाबा घुबडासारखी मान फिरवत राहायचे. मग फायनल आली. शेवटच्या ओव्हरचा शेवटचा बॉल, डावीकडून थ्रो, स्टंप उडाले. अख्खं मैदान ओरडलं. बाबांची मान वळली, पण उशिरा.

बोट वर करावं तर दिसलेलं नाही. नॉटआऊट द्यावं तर ती शंका खेळातली नव्हती, त्यांच्या डोळ्यातली होती. ते भोंग्यावरच्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “मना दिसला न्हाय. माझा डोला तिकडचा गेलाय.”

बॅट्समन, दिघाशी गावचा उंच गडी, जागेवर उभा होता. त्याने एकदा स्टंपकडे बघितलं, एकदा बाबांकडे. मग बॅट काखेत मारली. “काका, मी आऊट हाय,” तो म्हणाला आणि चालू लागला. त्याचा संघ हरला. त्याला कोणी काही बोललं नाही.

बाबांनी टोपी काढून दुसऱ्या अंपायरच्या हातात दिली आणि मंडपात माझ्याशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर येऊन बसले. त्यांनी मान मागे टाकली.

“थेंब आनलास ना पर्समदी? घाल,” ते म्हणाले. “उरलेला तरी नॉटआऊट ऱ्हायला पायजे.”