कोमटच तर आहे

आमच्या ह्यांचा सगळा जन्म कसारा घाटात रुळावर गेला. रूळ सांभाळणाऱ्या रेल्वेच्या गँगमध्ये होते. मे महिन्यात तापलेल्या खडीवरून चालायचे, आणि घरी आल्यावर पायांना तेल चोळू का विचारलं तर म्हणायचे, "मी काय बाळंतीन हाय?" अशा माणसाला रिटायर झाल्यावर पायांनीच दगा दिला. आधी मुंग्या यायच्या, मग पाय गारठून जायला लागले. रक्तात साखर निघाली. गोळ्या दिल्या, त्या हे गादीखाली सारायचे आणि मी झाडताना वेचायची.

शहापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, पाय मोठ्या हॉस्पिटलात दाखवा, उशीर करू नका. झालं! ह्यांच्या गँगमधल्या एका दोस्ताचा पाय साखरेपायी गुडघ्यापासून कापला होता. तेव्हापासून ह्यांना डॉक्टर म्हटलं की करवतच दिसायची. "चालता चालता मरन, पन कापून घेनार नाय," असं त्यांनी मला बजावून ठेवलं होतं.

अशात शेणव्याच्या बाजारात कुणीतरी सांगितलं, वज्रेश्वरीच्या गरम कुंडात पाय शेकले की मेलेली नससुद्धा जागी होते. ह्यांनी ते लगेच धरलं. मीही सौदा केला. म्हटलं, "येते मी संगती. पन गुण नाय आला तर सरळ डॉक्टर. कबूल?"

"कबूल."

खरं सांगू? मला आनंदच झाला होता. म्हसा गावची जत्रा सोडली तर आम्ही दोघंच असे कधी कुठे गेलो नव्हतो. पौषातली थंडी, अंगणात दव पडलेलं. मी ठेवणीतलं पातळ नेसले, नाचणीच्या भाकऱ्या आणि वालाचं बिरडं बांधून घेतलं. जीपनं गेलो असतो तर सरळ पोचलो असतो. पण हे पडले रेल्वेचे! "रेल्वेचं खाल्लं, आता जीपला लटकू?" म्हणाले. म्हणून आसनगावहून लोकल, कल्याणला उतरायचं, मग एसटी. नुसता द्राविडी प्राणायाम! गाडी रिकामी होती. वाटेत प्रत्येक सिग्नलची, प्रत्येक वळणाची मला माहिती देत बसले. इतकं बोललेलं मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

कल्याण स्टेशनचा पूल उतरून खाली आलो आणि माझं लक्ष गेलं. एका पायात चप्पल, दुसरा पाय मोकळा.

"अहो, चप्पल कुठाय?"

त्यांनी खाली बघितलं. "गाडीत ऱ्हायली वाटतं," म्हणाले.

अख्खा पूल हा माणूस अनवाणी पायानं चढला-उतरला आणि त्याला पत्ता नाही! पण भीती वाटली की माझ्या तोंडून रागच बाहेर पडतो. "डोकं तरी आणलंय का घरून?" मी म्हटलं. ते हसले. बाहेर नवीन जोड घेतला. अंगठा पट्ट्यात जात नव्हता, तो मीच खाली बसून घातला.

कुंडांवर बायकांची अंघोळीची सोय वेगळी होती. मी पहिल्या पायरीवर पाऊल ठेवलं आणि "आई गं" करून मागे घेतलं. हळूहळू तांब्यानं पाणी घेत अंघोळ केली. बाहेर येते तर एका टोकाला गर्दी जमलेली. तिथं एक लहान कुंड होतं, सगळ्यांत कढत. त्यात कुणी उतरत नाही, लोक नुसता टॉवेल बुडवून अंग शेकतात. आणि ह्या कुंडाच्या काठावर आमचे हे, पोटऱ्यांपर्यंत पाय आत सोडून, ऐटीत बसलेले. दोघं-तिघं मोबाईलवर व्हिडिओ काढत होते. "बाबा, कमाल तुमची!" असं चाललं होतं.

मला बघून ओरडले, "बघ गो! काय चटकत नाय. कोमटच तर हाय!"

घटकाभर मलाही अभिमान वाटला. खोटं कशाला बोलू! मग त्यांना उठवायला वाकले, काठाचा आधार घेताना हात पाण्यात गेला, आणि मी किंचाळले.

पाय बाहेर काढले ते उकडलेल्या खेकड्यासारखे लाल. लोकांचं हसणं थांबलं. ह्यांचं नाही थांबलं. परतीच्या गाडीत पाय माझ्या मांडीवर घेतले, पदर भिजवून त्यांवर ठेवला. हे म्हणे, "ऊब आली बघ. गुण हाय पान्याला." आसनगाव येईपर्यंत फोड टरारले होते. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, दुसरं काय म्हणू?

व्हिडिओ गावात आमच्या आधी पोचला होता. शेजारीपाजारी वाहवा करायला घरी येत होते, आणि मी आतल्या खोलीत ह्यांच्या पायावरचं पाणी टिपत होते. मग वास यायला लागला. मग बोटं काळी पडली. त्या दिवशी मी काही विचारलं नाही, रिक्षा बोलावली.

मोठ्या हॉस्पिटलातले डॉक्टर तरुण होते, बोलायला मऊ. म्हणाले, "काका, डोळे मिटा. मी सुई लावतो, टोचलं की सांगा. कुठवर जाणीव आहे त्यावर कुठवर कापायचं ते ठरेल."

ह्यांनी डोळे गच्च मिटले. डॉक्टरांनी अंगठ्याला टोचलं, तळव्याला टोचलं, टाचेला, घोट्याला. हे गप्प. मी पायथ्याशी उभी, ओठ दाताखाली धरून. शेवटी डॉक्टरांनी सुई ट्रेमध्ये ठेवली आणि हात मागे घेतला.

तेव्हा हे म्हणाले, "लागतंय."

सुई ट्रेमध्येच होती.

"हां, आता लागलं. आता पन लागलं."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. बोलायला दुसरं कोण होतं? म्हटलं, "खोटं बोलतायत ते. कापायचं तेवढं कापा डॉक्टर. माणूस तेवढा ठेवा मला."

ह्यांनी डोळे उघडले नाहीत. मिटल्या डोळ्यांनीच मान माझ्या बाजूला वळवली.

"लागतंय गो," म्हणाले. "देवाशप्पत लागतंय."