खालच्या काकांचे राजे

आखातातल्या आमच्या सलव्याच्या इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या काकांनी माणसाच्या तोंडाकडे कधी पाहिलंच नाही. आधी त्याच्या हातात काय आहे ते पाहत. मूळचे नाशिकचे, नोकरी रिफायनरीत, आणि नाद युरोपातल्या जुन्या राजांच्या छापील चित्रांचा. शुक्रवारच्या बाजारात आम्ही स्वस्त कुकर शोधत असू, तेव्हा काका रद्दीतून एखादा कुरळ्या केसांचा राजा उपसून आणत. "हा हातातला गोळा बघ. गोळा म्हणजे पृथ्वीवरची सत्ता, आणि त्यावरचा क्रूस म्हणजे ती देवानं दिलीय याची पावती!" दूध आणायला निघालेल्या माणसाला हे जिन्यातच ऐकावं लागे.

त्यांच्या भिंतीवर दोन चित्रं शेजारी होती. घोडा तोच, चिलखत तेच, राजदंडही तोच. मुंडकं तेवढं वेगळं. राजा बदलला की कारागीर तांब्याच्या पत्र्यावरचा चेहरा घासून तिथे नवा कोरत म्हणे. "आपलंही तसंच रे," काका हसून म्हणत, "खुर्ची कंपनीची, तोंड बदलीवर."

ही विद्या त्यांनी तिथल्या आमच्या मराठी मंडळावर मोकाट सोडली होती. गणपती झाले की नव्या अध्यक्षांचा फोटो तेच काढत. मागे लाल पडदा, उजव्या हातात कार्यक्रमपत्रिकेची सुरळी, डाव्या तळव्यावर नारळ आणि नारळावर जास्वंद. "नारळ जरा वर! राज्य घसरतंय!" बारा वर्षांत बारा अध्यक्ष झाले, पण अल्बममध्ये एकच माणूस मिशा बदलून बसल्यासारखा दिसे.

साठी झाली, इकामा म्हणजे तिथे राहायचा परवाना संपत आला. सामान बांधताना काकूंनी अल्बम चाळला आणि म्हणाल्या, "सगळ्यांचे काढलेत हो. तुमचा एकही नाही." काकांचा चेहरा असा उतरलेला मी कधी पाहिला नव्हता. म्हणाले, "म्हणजे मीही घासला गेलो की काय?"

निघायच्या दिवशी आम्ही त्यांना खुर्चीत बसवलं. कॅमेरा माझ्याकडे. पण राजे बसतील तर शपथ! "पडद्याची चूण वाकडी आहे," म्हणून उठले. "उजेड कमी आहे," म्हणून उठले. शेवटी रोल संपला आणि विमानाची वेळ झाली.

रोल धुऊन आला तेव्हा काका नाशिकला पोचले होते. एकाही फोटोत चेहरा धड नव्हता. त्यातल्या त्यात बऱ्या फोटोत रिकामी खुर्ची, तिच्यावर ठेवलेला नारळ, जास्वंद, आणि कडेला पडदा सारखा करणारा एक हात. मला रडूच आलं. तरी अल्बममध्ये तोच लावला.

आता फोटो मी काढतो. मंडळातली मुलं जुने अध्यक्ष ओळखताना घोळ घालतात, पण त्या पानावर आली की मराठीत चकार शब्द न काढणारीही ओरडतात, "दॅट्स काका!" मग मी अध्यक्षांना नारळ वर घ्यायला सांगतो, आणि मला त्यांची फार आठवण येते.