पेज पाण्यात धरायची

तोंडवलीचा बाबली जन्मात दारूला शिवला नाही. भजनातला माणूस! पण जुन्या काविळीने आतल्या आत यकृत खाल्लं, पोटात पाणी झालं, पाय सुजून टरटरले, तेव्हा गावाने ठरवून टाकलं, चोरून पीत असणार. गावाचं तोंड कोण धरणार?

कुडाळच्या डॉक्टरांनी मीठ तोडलं आणि दिवसाचं सगळं पातळ मिळून एक लिटर नेमून दिलं. बायको सत्यवती मोठी करारी. सकाळी एक बाटली भरायची, चहासुद्धा त्यातलाच. बाबली सुक्या ओठांनी तिच्याकडे बघत बसे. पण ती बधायची नाही. एवढं करूनही सूज उतरेना. मग तिला वाटलं, हा विहिरीवर जाऊन पितो. तिने दोर काढून माळ्यावर टाकला. बिचाऱ्याने देवाची शपथ घेतली, तीही तिला खरी वाटली नाही.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी सकाळपासून काय काय पोटात जातं ते विचारलं, तेव्हा घोळ कळला. रोज न्याहारीला दोन वाडगे पेज!

"पेज पाण्यात धरूची?" सत्यवती चाटच पडली.

पेज म्हणजे जेवण. तिला पाणी कोण म्हणतं? एका हाताने घोट मोजायचे आणि दुसऱ्याने वाडगा भरायचा. मेली अक्कल ती, असं स्वतःलाच म्हणत ती घरी आली.

पेज बंद झाली. बाबली सुका भात चघळत राही. शेजारच्या राधाबाईने वाडीभर केलं की सत्यवतीने नवऱ्याला पेजेलाही महाग केलं. सत्यवतीने ते ऐकून घेतलं. माणूस वाचू दे, मग काय म्हणायचं ते म्हणा.

पाय जरा उतरले, पण पोट वाढतच गेलं आणि डोळे हळदीसारखे झाले. परवा डॉक्टरांनी तिला एकटीला बाहेर बोलावलं. आता आपल्या हातात फारसं काही राहिलेलं नाही, म्हणाले.

"यापुढे पाणी मोजू नका. मागतील ते द्या."

ती नुसतं "बरं" म्हणाली. रडायचीही सोय नव्हती, बाबली दारातून बघत होता. डॉक्टर काय म्हणाले, त्याने विचारलं. पेज चालेल म्हणाले, तिने सांगितलं.

किती दिवसांनी हसला तो! घरी येताच तिने चूल पेटवली. पडवीत बसून त्याने गरम पेज फुंकून फुंकून ओरपली आणि कुंपणापलीकडे हाक दिली.

"राधाबाय, डॉक्टरान सूट दिल्यान. हिणा पथ्य सांभाळल्यान, म्हणान वाचलंय मी."

राधाबाई वरमली. बोलले ते मनात धरू नको, असं सत्यवतीला म्हणून गेली. बाबलीने रिकामा वाडगा पुढे केला. सत्यवतीने तो भरून दिला.