भिंतीवर दुसरीचं सर्टिफिकेट

"ही? ही झाडायला येते, साहेब."

आप्पांनी माझ्याकडं न बघताच सांगितलं. आप्पा म्हणजे नांदेडच्या त्या मेडिकल दुकानाचे मालक. समोर औषध निरीक्षक. माझ्या हातात कात्री अन् बीपीच्या गोळ्यांची पट्टी. काउंटरपलीकडं एक म्हातारी. गोळी कधी घ्यायची ते मी तिला समजावून सांगत होते. आप्पांनी डोळ्यानंच कोपऱ्यातला झाडू दावला. मी अ‍ॅप्रन काढला अन् झाडायला लागले. म्हातारीनं पाय बाजूला घेतले. पट्टी काउंटरवरच ठेवून निघून गेली. झाडूवालीनं दिलेली गोळी कोण खाईल?

मी नोंदणी झालेली फार्मासिस्ट हाय. लातूरला डी.फार्म केलं. रोज मुदखेडहून रेल्वेनं यायचे. दुकान उघडल्यापासून बंद होईपर्यंत औषध देणारी मीच. पण भिंतीवर काचेत सर्टिफिकेट होतं आप्पांच्या सुनेचं, दुकानाचं लायसनबी तिच्याच नोंदणीवर. ती माझ्याच वर्गातली, माझ्या वह्या उतरून पास झालेली. लग्न झाल्यावर एकदाच दुकानात आली, फ्रेम टांगायला, पेढे घेऊन. मग नवऱ्यासंगं पुण्याला गेली.

मी जळायचे. खोटं कशाला बोलू, लई जळायचे. रोज सकाळी ती काच मलाच पुसावी लागायची. तिचा फोटो, खाली तिचा नंबर. माझं सर्टिफिकेट घरी पत्र्याच्या पेटीत, मायच्या लुगड्याखाली. तिच्या साड्यांवर जळले न्हाई, पुण्यावर न्हाई, नवऱ्यावर तर न्हाईच. भिंतीवरच्या त्या खिळ्यावर जळले. एकदा धीर करून म्हणलं, आप्पा, दुकानात मी असते तर माझंच लावा की. आप्पा हसले.

"बाई, तुझं आडनाव भिंतीवर बघून गिऱ्हाईक पायरी चढंल का?"

तवाबी मी काउंटरवर जाऊन उभी राहिले. अन् रजिस्टरात सुनेची सही केली. झोपेच्या गोळ्या दिल्या की नोंद करावी लागते, खाली फार्मासिस्टची सही. ती रोज मीच ठोकायचे. इतकी सवय झाली होती की बँकेत एकदा स्वतःच्या फॉर्मवर तिचीच सही करून बसले.

त्या दिवशी निरीक्षकांनी नेमकं तेच रजिस्टर उघडलं. सकाळचीच सही होती. फार्मासिस्ट कुठंय म्हणून विचारलं, तर आप्पा म्हणाले, जेवायला गेली. साहेबांनी तिथंच फोन लावायला लावला. सून बिचारी खरं बोलून गेली, मी तर पुण्यात हाय म्हणाली.

दुकानाचं लायसन निलंबित झालं. नोंदणी रद्द का करू नये, अशी सुनेला फार्मसी कौन्सिलची नोटीस आली. पंचनाम्यात माझं नाव होतं, झाडूवाली म्हणून. साक्षीला मलाबी बोलावलं.

आप्पा पहिल्यांदाच आमच्या घरी आले. माय चहा घेऊन आली, त्यांनी कपाला हात लावला न्हाई.

"मी झाडूवाली, सही कुणी केली ठाऊक न्हाई, एवढंच सांग. न्हाईतर तुझीबी नोंदणी जाईल."

नोंदणी जाईल हे खोटं न्हवतं. दुसरीच्या नावानं सही करणं हा माझाबी गुन्हा. झाडूवाली म्हणलं की सुटले, फार्मासिस्ट म्हणलं की अडकले. आप्पा गेल्यावर मायनं तो थंड चहा मोरीत ओतला.

"म्या लोकाची घरं झाडली तुला शिकवायला," ती म्हणाली. "आता तू कागदावर झाडूवाली म्हणून लिहून देतीस का?"

सुनावणीला सून आली होती. माझ्याकडं बघितलं न्हाई. मी पेटीतलं सर्टिफिकेट टेबलावर ठेवलं अन् जबाब लिहून दिला. सही माझ्या हातची हाय. गोळ्या मीच दिल्या. शिक्षा द्यायची तर फार्मासिस्ट म्हणून द्या, झाडूवाली म्हणून सुटका नको. खाली माझ्या नावाची सही केली, आडनावासकट.

बाहेर आल्यावर आप्पा म्हणाले, जळून केलंस तू हे. हाव, जळूनच केलं. माझ्या जागेवर दुसरीचा फोटो बघून मी जळायचं न्हाई तर काय हार घालायचा?

निकाल अजून यायचाय. नोंदणी गेली तर अपील करीन, तिथंबी हेच सांगीन. पण दुसरीची काच आता पुसणार न्हाई.