स्कोअररने बोलायचं नाही

आधी माफी मागतो. वॉल्टर यांच्यावर ज्यांनी लिहावं अशी माणसं पुष्कळ आहेत. अमेरिकेतल्या छोट्या शहरांच्या व्यावसायिक बेसबॉल संघांचे ते तीस वर्षं मॅनेजर होते. त्यांच्या हाताखाली खेळलेले काहीजण आता आजोबा झालेत. मी त्यांचा फक्त स्कोअरर, तोही दोन उन्हाळे. आमच्या घरातून कॉलेजला गेलेला मी पहिलाच, पेपरात लिहायची सवय नाही... तरी लिहितो, कारण एक गोष्ट मनात अडकून होती.

निवृत्तीनंतर ते पत्नी जीन यांच्या माहेरी, इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीला आले आणि तिथला हौशी बेसबॉल क्लब सांभाळू लागले. मी सोलापूरहून तिथे शिकायला गेलेलो. माझे आकडे नीटनेटके, म्हणून त्यांनी स्कोअरची वही माझ्याकडे दिली. "तुमच्या क्रिकेटमध्ये चहाला थांबतात ना? इथे कोणी थांबत नाही. लक्ष ठेव." सामन्याच्या सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून ते कार्डावर नऊ फलंदाजांचा क्रम पेन्सिलीने लिहीत, खोडत, पुन्हा लिहीत. खात्री पटली की वरून पेन फिरवत. "पेनने लिहिलेलं नाव मी बदलत नाही," म्हणायचे.

नियमही त्यांनीच शिकवलेला. समोरच्यांचा फलंदाज क्रम सोडून खेळला, तर पुढचा चेंडू पडण्याआधी मॅनेजरने पंचांना सांगायचं; एक बाद मिळतो आणि त्या फटक्यावर झालेली धावही रद्द होते. स्कोअररला दिसलं तरी त्याने बोलायचं नाही.

गेल्या मोसमातला शेवटचा सामना त्यांचाही शेवटचा होता. नजर अधू झाली होती. शेवटच्या डावात बरोबरी असताना समोरच्यांचा सातवा फलंदाज सहाव्याच्या जागी आला आणि त्याच्या फटक्यावर त्यांची एक धाव झाली. मला वहीत स्पष्ट दिसत होतं. पुढचा फलंदाज येऊन उभा राहिला. वॉल्टरना काहीतरी खटकलं असावं; सामन्याआधी समोरच्यांनी दिलेलं त्यांच्या क्रमाचं कार्ड ते डोळ्यांजवळ नेत, लांब धरत... मग माझ्याकडे वळले.

"काही चुकलंय का रे?"

मी मान खाली घातली. चेंडू पडला. त्या एका धावेने आम्ही हरलो.

ते तडक गाडीत बसून निघून गेले. पुढे नोकरीसाठी मी साउथहॅम्प्टनला आलो. या रविवारी फोन करू, असं दर रविवारी ठरवायचो... पण बोलणार काय? नियम पाळल्याची माफी कशी मागायची, आणि न मागता त्यांच्याशी बोलायचं तरी कसं?

सहा आठवड्यांपूर्वी कामावर जाताना बसमध्ये जीनबाईंचा फोन आला.

"समीर, वॉल्टर गेला. परवा, झोपेतच." मग म्हणाल्या, "त्या सामन्याचं आपलं कार्ड अजून फ्रिजवर आहे. तू येऊन घेऊन जा. त्या दिवशी घरी आला तो रागातच, जेवलासुद्धा नाही. नंतर कार्ड काढून बसला. नवव्या नावाखाली तुझं नाव लिहिलंय त्याने."

"पेन्सिलीने?"

"नाही रे. पेनने."