पडद्याकडे पाठ

नव्वदचं दशक सरत आलं तेव्हा धुळ्यात, देवपूरला माझं इंटरनेटचं दुकान होतं. तिथे एक गृहस्थ रोज यायचे. घरच्या कॉम्प्युटरवर लोकांसाठी वेबसाइट तयार करायची, फ्लॉपीत घालून आणायची आणि माझ्याकडून इंटरनेटवर चढवायची, हे त्यांचं काम. पान उघडायला लागलं की ते खुर्ची फिरवून पडद्याकडे पाठ करत, चष्मा काढून डोळे चोळत आणि मला विचारत, "दिसतंय का?"

ही सवय एका दुपारपासूनची. अमळनेरचे एक तेलाचे व्यापारी, नाना, आपली वेबसाइट बघायला मुद्दाम एसटीने आले होते. फोनची लाइन सारखी तुटत होती. शेवटी पान उघडलं. मजकूर होता, पण तेलाच्या डब्याच्या जागी नुसती रिकामी चौकट.

"नाना, घरी दिसतो हो फोटो!" गृहस्थ कळवळून म्हणाले. मग कोड वाचता वाचता एका ओळीवर थांबले. फोटो कुठून घ्यायचा, तो पत्ता त्यांनी स्वतःच्या घरच्या कॉम्प्युटरचाच लिहिला होता, म्हणून तो फक्त तिथेच दिसायचा.

ते समजल्यावर नाना उठले. "मंग बठ्ठा गिऱ्हाईक तुना घर येतीन का?" म्हणाले आणि परतीच्या गाडीला निघून गेले.

फोटो फ्लॉपीत होताच, त्यामुळे दुरुस्ती लगेच झाली. डबा पट्टीपट्टीने वरून खाली उतरत पूर्ण दिसला. बघायला आम्ही दोघंच.

"यापुढे तुम्हीच बघत जा," ते थकून म्हणाले. "मला काय, नसलेलंही दिसतं."