तांडेल आजोबांचं गाऱ्हाणं

आमच्या शेजारचे तांडेल आजोबा नसते, तर मी आज रत्नागिरीत नसतो. आणि असतोच तर घरात छत्री उघडून जेवत असतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण बोलण्याच्या भरात माणूस आपलंच पुराण लावतो आणि उपकार करणारा मागे राहतो. आणखी एक गोष्ट छातीवर हात ठेवून सांगतो. मुंबईपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या साऱ्या किनाऱ्यावर या माणसाएवढा मोठा आवाज दुसऱ्या कुणाला लाभला नसेल.

चाळीस वर्षं त्यांनी गलबत चालवलं. भर वाऱ्यात डोलकाठीवर चढलेल्या खलाशाला ऐकू जाईल असं बोलायची सवय लागली. पुढे गलबत सुटलं, पण आवाज त्यांच्याबरोबर घरी आला. हळू बोलणं त्यांना ठाऊकच नव्हतं. सकाळी पडवीत बसून ते सुनेला विचारत, "च्या झाला काय गो?" आणि आळीतल्या तीन घरांतून उत्तर येई, "नाय अजून!" ओलं बोट वर धरून वारा पाहिल्याशिवाय ते देवळातसुद्धा निघत नसत. घराकडे पाहायची त्यांची नजरही गलबताचीच. आमच्या बिऱ्हाडाकडे पहिल्याच दिवशी डोळे बारीक करून त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "उत्तरेच्या अंगाला कललाय. पण बुडायचा नाय इतक्यात." अरबांची बंदरं पाहून आलेला हा माणूस, पण मोटारीची त्यांना भारी धास्ती. एकदा हातखंब्यापर्यंत मोटारीतून गेले, वाटेत तीनदा ओकले आणि परत पायी आले. "सुकाणू हाय त्या डब्याला," ते म्हणाले, "पण खाली पाणी कुठं हाय?"

मी माणदेशातला. मराठी पाचवीतूनच शाळा सुटली, आणि अखेर आंबा घाट उतरून इथल्या एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायला लागलो. आमच्या गावाहून समुद्र दिसत नाही, हे मी आजोबांना सांगितलं, तेव्हा त्यांना वाटलं मी चेष्टा करतो आहे.

"टेकडीवरनं?"

"नाही."

"देवळाच्या शिखरावरनं?"

"नाही हो, आजोबा."

त्यांनी विचारलं, "मग माणसां बघतात काय तिकडे?"



मांडवीजवळच्या त्या आळीत दोन खोल्यांचं घर मी फाल्गुनात घेतलं. राहायला गेल्यावर पहिल्या दुपारी जमिनीवर उन्हाचे गोल कवडसे पडले. मोजले, सतरा भरले. वानरांनी कौलं फोडली होती. मागच्या दाराचा उंबराही वाळवीनं पोकळ केला होता. मी कवडशांवरून वेळ ओळखायला शिकलो. आठवा कवडसा चुलीवर आला की छापखान्यात जायचं. पण तिकडे माहेरी माझी बायको बाळंत झाली होती, आणि सासऱ्यांचं पत्र आलं, "घर कोरडं असेल तर पावसाआधी मुलीला आणि बाळाला पाठवतो. नसेल तर दिवाळीनंतर पाहू." लेकीचं तोंड मी अजून पाहिलं नव्हतं. सतरा कवडसे आणि दिवाळी, एवढंच डोक्यात फिरू लागलं.

घरमालक अण्णा समोरच राहत. माणूस वाईट नव्हता, पण त्यांच्या दोनशे हापूस कलमांपलीकडे जगात काही असतं, हे त्यांना आंब्याच्या दिवसांत आठवत नसे. मी चारदा गेलो. चारही वेळा ते पेट्यांत गवत भरता भरता म्हणाले, "बघू हं. आंबा उरकू दे." आंबा उरकतो तेव्हा पाऊस दारात असतो आणि गडी शेतावर गेलेले असतात, हे मला छापखान्यातल्यांनी सांगितलं. पाचव्यांदा जायची माझी छाती होईना. परका माणूस, घर सोडा म्हणाले तर जायचं कुठं? शेवटी आजोबांना अगदी कानात सांगितलं आणि कुणाला बोलू नका म्हणून हात जोडले.

"मी कशाला बोलू?" ते म्हणाले. समोरच्या दारात पेट्या बांधणारे गडी वळून पाहू लागले.

गलबतं किनाऱ्यावर ओढून पावसासाठी शाकारून झाली, की आळीच्या टोकाला पिंपळाखालच्या राखणदाराला नारळ ठेवायची इथली रीत आहे. सगळी आळी हात जोडून उभी राहते, एकजण गाऱ्हाणं घालतो आणि बाकीचे दर वाक्याला होकार भरतात. गाऱ्हाण्याचा मान आजोबांचा. त्या सकाळी मीही मागे उभा होतो.

"बा राखणदारा म्हाराजा, दर्यावर गेलेल्यांना सुखरूप घरी आण!"

"व्हय म्हाराजा!"

"आंब्याच्या पुढल्या मोहराला सांबाळ!"

"व्हय म्हाराजा!" यात अण्णांचा आवाज सगळ्यांच्या वर. डोळे मिटलेले, मन पेट्यांत.

आजोबांनी दमही घेतला नाही. "हा घाटावरचा पावणा आपल्या आळीत बिऱ्हाडाला आलाय. त्याची बायको नि तान्हा पोर यायचा हाय!"

"व्हय म्हाराजा!"

"त्याच्या घराची सतरा कौलां फुटली हत, उंबरा वाळवीनं खाल्लाय!"

"व्हय म्हाराजा!"

"तां सगळा आठ दिवसांत घरमालक नीट करून देतील!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत खणखणीत होकार अण्णांचा. मग सगळी आळी त्यांच्याकडे वळली आणि त्यांनी डोळे उघडले.

"मी काय म्हटलं आत्ता?"

"मला नका विचारू, अण्णा," आजोबा नारळ फोडत म्हणाले. "ज्याला सांगितलात त्याला विचारा."

 मी तसाच अण्णांच्या मागोमाग गेलो आणि म्हणालो, "राहू द्या हो अण्णा, गळलं तरी मी भागवीन." त्यावर ते माझ्यावरच उखडले. "गप्प बसा! राखणदाराला तोंड तुम्ही देणार की मी?"

तिसऱ्या दिवशी गडी छपरावर होते. खालून आजोबा हुकूम सोडत होते, आणि त्या आवाजानं कौलं फुटत नव्हती हेच नवल. काम संपलं तरी त्यांचा विश्वास बसेना. वर घागरी चढवल्या, आत अण्णांना पाटावर बसवलं आणि छपरावर पाणी ओतायला लावलं. बारा घागरी कोरड्या गेल्या. तेराव्या घागरीला आतून अण्णा पोराच्या आनंदानं ओरडले, "आला! आला! टकलावर आला!" तेवढं एक कौल बदललं. जाताना अण्णांनी त्या पाटाजवळ एक आंब्याची पेटी ठेवली.

बायको आणि लेक मृग लागायच्या दोन दिवस आधी मोटारीनं उतरल्या. आजोबांच्या आवाजानं पोर दचकेल म्हणून बायको घाबरली होती. पण आजोबा गरजू लागले की पोर डोळे मिटी, आणि ते गप्प झाले की जागी होई.

याला आता चार वर्षं झाली. घर कोरडं आहे. अण्णा दर चैत्रात, आंबा उरकायच्या आधी, न सांगता कौलं परतून घेतात. आजोबांना मात्र हल्ली दिसतं कमी, आणि आवाजही पहिल्यासारखा लांब जात नाही. गेल्या महिन्यात त्यांनी पडवीतून विचारलं, "च्या झाला काय गो?" तर एकाच घरातून उत्तर आलं. ते आमचं. माझ्या लेकीनं दिलं होतं.

परवा त्यांनी पुन्हा विचारलं, "खरंच दिसत नाय समुद्र तुमच्याकडे?" मी ठरवलं आहे. मोटार नको, बैलगाडीनं, वारा पाहून, थांबत थांबत त्यांना आंबा घाट चढवीन आणि आमच्या गावच्या टेकडीवर उभं करीन. लेक हात धरून चारी दिशांना काय काय आहे ते सांगेल. माणसं तिकडे काय बघतात, ते त्यांनीच ठरवावं. माझ्याकडून एवढं तरी फिटायला हवं. त्यांनी विचारलं, "नेशील ना रे?" मी छापखान्यातला हळू बोलणारा माणूस, पण आळीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणालो, "व्हय म्हाराजा!"